पालिकेच्या कोर्टातला पुकारा

ताई, तू गेल्यापासून घरी येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस मला सांगतो की तू कोणाला भीत नव्हतीस. मी दुरुस्ती करत नाही. चहा पुढे करतो, मान हलवतो. पण हे वाक्य कोणी बातमीत लिहून माझ्या टेबलावर आणलं असतं, तर मी ते काढून टाकलं असतं. पालिकेच्या कोर्टात गेल्यापासून तू रोज भीत होतीस. सकाळी डबा भरताना भीत होतीस, संध्याकाळी सक्करदऱ्याला उतरून घराकडे चालत येताना भीत होतीस, आणि हे माझ्याखेरीज फारसं कोणाला माहीत नव्हतं. तुझ्या जन्माच्या, नोकरीच्या आणि बढतीच्या तारखा दुसऱ्या कोणीतरी छापायला दिल्या आहेत. त्या मी तपासल्या, बरोबर आहेत. इथे मी त्यांत नसलेलं लिहितो आहे.

आपला एक वादही अर्धवट राहिला. तो एकट्याने पुढे नेता येत नाही, पण जिथे थांबला तिथपर्यंत मांडता येतो.

पालिकेचं नाव मी घेत नाही. नागपूरला लागून असलेली, ट्रकांची आणि गोदामांची वस्ती असलेली एक पालिका, एवढं पुरे. नाव लिहिलेलं तुला चाललं नसतं.

कोर्ट कसं जन्माला येतं, हे मला तुझ्यामुळे कळलं. इतकी वर्षं मी कोर्टाच्या बातम्या दिल्या, पण माझ्यासाठी कोर्ट म्हणजे निकाल. तुझ्याकडून आधीचं सगळं ऐकलं. तू म्हणाली होतीस, "आधी कागद. सरकार म्हणते कोर्ट पाहिजे, हायकोर्ट म्हणते बरं, राजपत्रात छापून येते. मग न्यायाधीश येतात. मग खुर्ची. खुर्चीपाशी सगळं अडते, पाह्य."

फक्त पालिकेच्या खटल्यांसाठी असलेलं हे कोर्ट: रस्त्यावरचं अतिक्रमण, विनापरवाना दुकान, उघड्यावरचा कचरा, वाढीव बांधकाम. न्यायाधीश हायकोर्टाने दिले. जागा, टेबलं, वीज आणि कर्मचाऱ्यांचा खर्च पालिकेकडे. कोर्टात कोणती पदं असतील हे ठरवणारा आकृतिबंध सरकारकडून मंजूर व्हायचा होता, आणि तो होईपर्यंत पालिकेने आपली माणसं प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरती उसनी, द्यावीत, असं ठरलं. जिल्हा न्यायालयाने सहायक अधीक्षक म्हणून तुला पाठवलं आणि सोबत प्रणाली नावाची एक कनिष्ठ लिपिक दिली. टंकलेखक, बेलिफाचं काम करणारा, नोंदी ठेवणारा, दारातला शिपाई, हे सगळे पालिकेचे. त्या कोर्टात चालणाऱ्या प्रत्येक खटल्यात फिर्यादी एकच होता, तोही पालिकाच.

"म्हणजे फिर्यादीचीच माणसं कोर्टात?" मी विचारलं होतं.

"मग तू दे माणसं," तू म्हणालीस. "तुमच्या पेपरात दोन-चार जण दिवसभर बसूनच राह्यतात ना."

जागा मिळाली ती जुन्या करवसुली कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरची. पैसे भरायची जाळीची खिडकी तशीच होती. पहिल्या दिवसांत एक म्हातारे गृहस्थ नळाचं बिल घेऊन थेट न्यायाधीशांपुढे जाऊन उभे राहिले, आणि इथे बिल घेत नाहीत म्हटल्यावर त्यांनी न्यायाधीशांना विचारलं, "मग तुम्ही काय घेता जी?" हे तू मला फोनवर सांगितलंस आणि हसता हसता तुला ठसका लागला. त्या कोर्टाबद्दल बोलताना तू मोकळी हसलीस ते तेवढंच.

खुर्च्या पालिकेच्या भांडारातून आल्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात पालिकेचं नाव. न्यायाधीशांच्या खुर्चीवरही. तू ब्लेडने खरवडून पाहिलं, निघेना. मग घरून नवा पांढरा टॉवेल नेऊन तो खुर्चीच्या पाठीवर असा टाकलास की नाव झाकलं जाईल. सरकारी कार्यालयात साहेबाच्या खुर्चीवर टॉवेल असतोच, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. तू मला म्हणालीस, "फिर्यादीचं नाव न्यायाधीशाच्या पाठीमागं नको." आणि लगेच, "हे कोनाले सांगू नको. पालिकेले राग यीन."

तुझ्या भीतीची ती मला दिसलेली पहिली खूण. तेव्हा मला ती अती वाटली होती.

शिपाई म्हणून मोरेश्वर आले. उंच, सावळे, निवृत्तीच्या जवळ आलेले गृहस्थ. त्यांना कोर्टात पाठवलं गेलं ते तुझ्याच मागणीवरून. पालिकेच्या आस्थापना विभागाने विचारलं, कसा माणूस पाहिजे, आणि तू सांगितलंस, पुकारा करायला खणखणीत आवाजाचा द्या. खाली आवार मोठं, बाजूने ट्रक जातात, वरून मारलेली हाक खालपर्यंत गेली पाहिजे. पालिकेने आपल्याकडचा सगळ्यात चांगला आवाज दिला. तुझी मागणी बरोबर होती, त्यांची निवडही. चूक कुठे झाली हे कळायला बरेच आठवडे गेले.

मोरेश्वरांना कोर्टाचा अभिमान होता. लाल पट्टा आणि पितळी बिल्ला लावून ते दारात उभे राहत. न्यायाधीश येऊन बसले की दिवसाच्या यादीतलं पहिलं नाव घेऊन ते जिन्याच्या कठड्याशी जात आणि हाक मारत. नाव तीनदा पुकारायचं, हा रिवाज. तिसऱ्या हाकेनंतर कोणी आलं नाही की आत येऊन सांगायचं, "गैरहजर, साहेब."

आणि कोणीच येत नव्हतं. रोज, नावामागून नाव, गैरहजर. न्यायाधीशांनी तुला विचारलं, "अधीक्षक मॅडम, समन्स बजावले गेलेत ना?" बजावले गेले होते, सह्या आणि अंगठे होते. समन्स मिळूनही माणूस आला नाही की पुढची पायरी वॉरंट. वॉरंट निघू लागले. नियमाच्या बाहेर काही घडत नव्हतं, आणि तू म्हणायचीस की तुला त्याचंच भेव वाटतं. "कागद सगळे बरोबर हायेत रे. मग मले झोप काहून येत नाही?"

मी म्हटलं, लोक कोर्टाला घाबरतात, नवं आहे, येतील हळूहळू. मला तेव्हा बातमी दिसत होती: 'नव्या कोर्टाकडे आरोपींची पाठ'. तू ती देऊ दिली नाहीस. म्हणालीस, पाठ फिरवली का, ते आधी पाहू दे.

मग एका दिवशी तू पुकाऱ्याच्या वेळी खाली होतीस. वरच्या माठात पाणी नव्हतं म्हणून बाटली भरायला गेली होतीस. हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की मी तिथे असल्यासारखं मला ते दिसतं. आवारातल्या कडुनिंबाखाली बायका-माणसं बसली होती. काहींजवळ टोपल्या होत्या. कोणाच्या हातात घडी केलेलं समन्स. म्हणजे लोक आले होते. तेवढ्यात वरून मोरेश्वरांचा आवाज आला आणि सगळं झाड रिकामं झालं. टोपल्या उचलल्या गेल्या, एकीची चप्पल मागे राहिली, एक माणूस भिंतीवरून पलीकडे उतरला. दुसरी हाक येईपर्यंत आवारात तू, नळ आणि ती चप्पल, एवढंच उरलं.

फाटकाशी एक बाई धापा टाकत उभी होती. तू तिच्याजवळ गेलीस. तिच्या हातातल्या समन्सवर पुकारलेलंच नाव होतं, पंचफुला. बसस्टॉपजवळ उकडलेल्या शेंगा विकायची. तिची हातगाडी आणि पातेलं पालिकेच्या अतिक्रमण पथकाने उचलून नेलं होतं, त्याचा खटला.

"बाई, तुमचंच नाव पुकारून राहिले ना? वर काहून नाही गेल्या?"

"अवं माय, वर तो हाय ना!"

"कोन?"

"गाडीवाला. भोंग्यावाला. तुम्हाले त्याचा आवाज ओळखू येत नाही का?"

तुला ओळखू येण्याचं कारण नव्हतं. तू सक्करदऱ्याला राहणारी, तिथल्या रस्त्यावर कधी बसलेली नव्हतीस. मोरेश्वर कोर्टात येण्याआधी अतिक्रमण पथकाच्या गाडीवर ध्वनिक्षेपक घेऊन बसायचे. 'आपापला माल उचला, रस्ता मोकळा करा' हे त्या वस्तीने वर्षानुवर्षं त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. तो आवाज आला की त्यामागून गाडी येते, आणि गाडी आली की पातेलं जातं. पंचफुलाबाईंच्या पायांनी ते कधीच शिकून घेतलं होतं. खाली बसून त्या शहाण्यासारखं ठरवायच्या की आज वर जायचं. आवाज आला की पाय निघायचे.

"पहिल्या तारखेले बी आली, दुसऱ्या तारखेले बी आली," त्या तुला म्हणाल्या. "बसते, ऐकते, अन् पळते. आता म्हणतात पोलीस येतीन. आलेल्या माणसाले पकडतीन का, मॅडम?"

तू त्या दिवशी संध्याकाळी सदरला माझ्या ऑफिसखाली आलीस. वर आली नाहीस, खाली उभी राहून फोन केलास. चहाच्या टपरीवर तू कप हातात धरला होतास आणि पीत नव्हतीस. "मीच मागतलं रे," तू म्हणालीस. "खणखणीत आवाजाचा माणूस द्या म्हणून मीच सांगतलं. ज्या बाया हजर होत्या त्याइच्यावर वॉरंट निघाले. माझ्या टेबलावरून गेले."

मी म्हटलं, तुला माहीत नव्हतं. तू म्हणालीस, "वॉरंटमध्ये ते लिहीत नाहीत."

पुढचं तू बरोबर केलंस. न्यायाधीशांना सगळं सांगितलंस. ते म्हणाले, जे आवारात येऊन परत गेले त्यांचे वॉरंट रद्द करण्याचे अर्ज घ्या, आणि पुकाऱ्याची व्यवस्था बदला. व्यवस्था बदला, हे दोन तीन-अक्षरी शब्द बोलायला सोपे होते. जिल्हा न्यायालयाकडे द्यायला शिपाई नव्हता. पालिकेकडे दुसरा मागायचा तर पहिला का नको, ते सांगावं लागणार होतं.

आणि मोरेश्वरांना तर आधी सांगायला हवं होतं. तू त्यांना डबा खायच्या वेळेला, माणसं नसताना सांगितलंस.

"मॅडम, मी त बरोबरच बोलावून राहिलो."

"बरोबरच बोलावता, मोरूभाऊ."

"मग?"

"लोकाइले वाटते गाडी आली."

ते जेवायचे थांबले. डबा बंद केला. म्हणाले, "पथकातून सुटलो म्हणून बायकोनं गजाननाले नारळ वाहिला होता." मग म्हणाले, उद्या वेगळं बोलून पाहतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हळू आवाजात पुकारा केला. जिन्याच्या खाली काही पोहोचलं नाही. त्यानंतरच्या दिवशी त्यांनी आवाज मोठा ठेवला, पण गोड केला. "पंचफुलाबाई जी, या हो, वर या जी." खाली कोणीतरी ओरडलं, "आज जी म्हणून राहिला! मोठी गाडी आणली वाटते!" आणि पुन्हा झाड रिकामं. तू हे मला सांगताना मी हसलो. तू हसली नाहीस. "तू तेथ नव्हता," एवढंच म्हणालीस.

मग तू स्वतः कठड्याशी जायला लागलीस. सहायक अधीक्षक पुकारा करत नाही. तुझ्या पदाच्या कामात ते कुठे लिहिलेलं नाही, आणि तुझा आवाज आपल्या घरातही स्वयंपाकघरातून बैठकीत पोहोचत नसे. आपण भांडायचो तेव्हा मी तुला चिडवायचो, "काय म्हणून राहिली वं, आवाज वरच्या माळ्यावर आण." त्या आवाजाने तू तीनदा नाव घ्यायचीस. ट्रक जात असला तर थांबायचीस आणि पुन्हा घ्यायचीस. पालिकेचे कर्मचारी एकमेकांकडे बघायचे. टंकलेखक म्हणाला, "मॅडम, घसा बसन. आमच्या साहेबाले सांगा ना, भोंगा पाठवतीन," आणि सगळे हसले.

पण खालून माणसं यायला लागली. पंचफुलाबाई आल्या, गुन्हा कबूल केला, दंड भरला, पातेलं सोडवून नेलं. वॉरंट रद्द होत गेले. कोर्ट कोर्टासारखं चालू लागलं, आणि तुझी भीती वाढली.

कारण आता पालिकेला कळलं होतं. मोरेश्वर दारात नुसते उभे आणि अधीक्षकबाई हाका मारतात, ही गोष्ट खालच्या मजल्यावरून आस्थापना विभागापर्यंत जायला वेळ लागला नाही. तिथल्या अधिकाऱ्यांचा फोन आला. ते वाईट माणूस नव्हते, हे तूच मला बजावलं होतंस. ते म्हणाले, "आमचा माणूस चालत नसेल तर परत द्या. इथे आम्हालाच माणसं कमी आहेत. खरं म्हणजे सगळेच परत द्या."

सगळे परत गेले तर तिथे तू आणि प्रणाली उरत होतात. दोघींनी कोर्ट चालत नाही. ते बंद पडलं असतं आणि खटले शहरातल्या मोठ्या कोर्टात गेले असते. तिथे पंचफुलाबाईंसारखीने एका तारखेसाठी दोन बस बदलून, दिवसभराचा धंदा सोडून जायचं, गर्दीत आपलं नाव ऐकू येण्याची वाट बघायची आणि नाही ऐकू आलं तर पुन्हा वॉरंट. ही तुझी भीती होती. तिला चेहरे होते आणि ते तुला पाठ होते.

प्रतिनियुक्तीची मुदत दर वेळी थोडी थोडी वाढत होती. मुदत संपत आली की तू प्रस्ताव करायचीस, जिल्हा न्यायालयाकडून पाठवून घ्यायचीस, मग आस्थापना विभागाला फोन करून विनंती करायचीस. ती विनंती मी एकदा ऐकली आहे. रविवार होता, तू अंगणात वटाणे सोलत बसली होतीस. फोन वाजला तशी तू उठून उभी राहिलीस. फोनवर बोलायला कोणी उभं राहत नाही, ताई. "हो सर. नाही सर. एवढ्या वेळेला करा सर." बोलणं संपल्यावरही तू बसली नाहीस.

तेव्हा आपलं भांडण झालं. मी म्हटलं, हे मी लिहितो. फिर्यादी न्यायालयाला माणसं पुरवतो आणि हवी तेव्हा काढून घेण्याची भाषा करतो, ही पहिल्या पानाची बातमी आहे. सरकारवर दबाव येईल, आकृतिबंध मंजूर होईल, तुला कायमची माणसं मिळतील.

"अन् मंजूर होईपर्यंत?" तू विचारलंस. "बातमी आली त दुसऱ्या दिवशी कार्यमुक्तीचे आदेश निघतीन. सगळे एका कागदावर."

"तसं केलं तर ते आणखी उघडे पडतील."

"ते उघडे पडतीन. अन् कोर्ट बंद पडन. तुले दोन बातम्या भेटतीन."

मी म्हटलं, नाही छापलं तर हे असंच चालणार. तू उभी राहून फोन घेत राहशील. एक दिवस तू त्यांना नकोशी होशील किंवा तुझी बदली होईल, आणि मग कोण उभं राहणार आहे?

तू वटाण्यांचं ताट उचललंस. "तू मले बातमी समजून राहिला का रे?" असं म्हणालीस आणि आत गेलीस. नंतर जेवताना आपण दुसरं काहीतरी बोललो.

मी बातमी दिली नाही. ती गोष्ट तुझी होती, तू नको म्हणालीस, आणि माझ्या धंद्यात त्याचा मान राखायचा असतो. त्याचा मला आज पश्चात्ताप नाही आणि समाधानही नाही. तू बरोबर होतीस की मी, हे ठरण्याआधीच तू गेलीस.

आभार मानायचे राहून गेले. मी या कामात नवा होतो तेव्हा तू जिल्हा न्यायालयात होतीस. बातमी मिळवून दे म्हणून मी तुझ्या मागे लागायचो आणि तू एक ओळ कधी दिली नाहीस. पण निकाल कसा वाचायचा, ते शिकवलंस. शेवटून वाच, म्हणालीस. आधी आदेश, मग त्याची कारणं, वकिलांची भाषणं सगळ्यात शेवटी. पुढे लोक माझ्या बातम्यांना नेमक्या म्हणायचे. ते ऐकून मी एकदाही तुझं नाव घेतलं नाही, आणि तूही त्याची वाट पाहत नव्हतीस. म्हणून ते आणखीच राहिलं.

डॉक्टरांनी कारण लिहून दिलं आहे. तुझ्या जाण्याचा आणि त्या फोनांचा संबंध जोडायला माझ्याकडे आधार नाही, म्हणून मी जोडत नाही. एवढं नोंदवतो की दवाखान्यात तू मला विचारलंस, "उद्याचा पुकारा कोन करन?" आणि मी चिडून म्हणालो, "कोणीही करेल. तू पडून राह्य." तू पडून राहिलीस. डोळे उघडे ठेवून.

शनिवारी मोरेश्वर घरी आले. अंगणात सतरंजी टाकली होती, तिच्या कडेला बसले. काही बोलले नाहीत. पाणी पुढे केलं तर हाताने नको म्हणाले. चहा विचारला तर मान हलवली. त्यांचा घसा बसला असेल असं मला वाटलं. मग लक्षात आलं, समोर पंचफुलाबाई बसल्या होत्या. त्यांच्याबरोबर त्यांच्या वस्तीतल्या आणखी दोन बायका, तुझ्यासाठी बस बदलून सक्करदऱ्याला आलेल्या. मोरेश्वर त्यांच्यामुळे तोंड उघडत नव्हते.

पंचफुलाबाईंनाही ते कळलं. त्या म्हणाल्या, "बोला ना गा भाऊ. इथं कशाले भेता?"

मोरेश्वरांनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाले, "मॅडम माझ्यावर कधी चिडल्या नाही."

साधं वाक्य, साध्या आवाजात. आणि मी पाहिलं, पंचफुलाबाईंचा हात बाजूला ठेवलेल्या पिशवीकडे गेला आणि पिशवीचे बंद त्यांनी मुठीत धरले. त्यांनी स्वतःही ते पाहिलं. मूठ सोडायला त्यांना वेळ लागला. 

ते गेल्यावर तुझा फोन वाजला. आस्थापना विभागाचे अधिकारी होते. त्यांनी आधी नीट, मनापासून दुःख व्यक्त केलं. मग म्हणाले, या वेळी विचारणं बरं दिसत नाही, पण मुदत महिनाअखेरीला संपते आहे. वाढीचा प्रस्ताव कोणाच्या सहीने येणार? मी म्हटलं, मी त्यांचा भाऊ, मला कसं माहीत असणार? "तेच तर," ते म्हणाले. "नवीन अधीक्षक कधी येणार, कोणालाच माहीत नाही. प्रस्ताव आला नाही तर माणसं आपोआप परत येतील. आम्ही काही करायचीही गरज नाही." फोन ठेवल्यावर मला दिसलं की मी उभा होतो.

सोमवारी मी तिथे गेलो, बातमीदार म्हणून नाही. न्यायाधीश आपल्या जागी होते. मोरेश्वर पट्टा-बिल्ला लावून दारात उभे होते, गप्प. खाली कडुनिंबाखाली माणसं होती. यादी टेबलावर होती आणि पुकारा होत नव्हता. न्यायाधीशांनी दोनदा दाराकडे पाहिलं. मग प्रणाली उठली. तिच्या हातात फायली होत्या, त्या कुठे ठेवायच्या तिला सुचेना. मोरेश्वरांनी त्या आपल्या हातात घेतल्या. ती कठड्याशी गेली आणि पहिलं नाव तिने इतक्या भीत भीत घेतलं की ते मलाच अर्धं ऐकू आलं. खाली कोणी हललं नाही. कोणी पळालंही नाही. सगळे वर बघत होते. तिने दुसऱ्यांदा नाव घेतलं. मग एक म्हातारा माणूस उठला, टोपली शेजारच्या बाईकडे देऊन जिन्याकडे आला, आणि अर्ध्या जिन्यावर थांबून त्याने वर विचारलं, "आपलं कोर्टच होय ना, पोरी?"

"हो," प्रणाली म्हणाली. "या."

तो वर आला.

हे सगळं मी लिहिलं आहे आणि ते पुरवणीच्या पानाला लावलं आहे. पालिकेचं नाव नाही, अधिकाऱ्यांचं नाव नाही, पण ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तू असतीस तर हे छापू दिलं नसतंस. तू नाहीस म्हणूनच आता मुदतवाढ मागायला कोणी नाही, आणि गप्प राहून ते कोर्ट वाचत नाही, असा माझा हिशेब आहे. तो चुकीचा असू शकतो. महिनाअखेरीला माणसं परत गेली, तर ती या लेखामुळे गेली की तशीही जाणारच होती, हे मला कोणत्याही कागदावरून कळणार नाही. असं काही अडलं की मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन तुला फोन लावायचो. आज पान छपाईला सोडण्याआधी सवयीने जिन्यात गेलो. तुझा नंबर काढला. मग आठवलं की तुझा फोन माझ्याच दुसऱ्या खिशात आहे.